दिवे आठवड्यातून किती वेळा लागतात?

डेट्रॉइट शहरात बॅग्ली स्ट्रीटवर एक वाहनतळ आहे. गाडी लावून बाहेर पडताना सहज मान वर केली, तर डोक्यावर प्लास्टरची नक्षी, अर्धवट निखळलेल्या कमानी आणि कधीकाळचं झगमगतं छत दिसतं. 1926 साली उघडलेलं मिशिगन थिएटर ते हेच. तिथे चार हजारांच्या आसपास खुर्च्या होत्या. सत्तरच्या दशकात आतला भाग उखडून तिथे तीन मजली पार्किंग बांधलं. भिंती आणि छत मात्र ठेवलं, कारण ते पाडलं असतं तर लगतच्या कार्यालयांच्या इमारतीला धोका होता. हेन्री फोर्डने आपली पहिली मोटार ज्या शेडमध्ये जुळवली, ती शेडही पूर्वी याच जागेवर होती. मोटारीने आपली जागा परत घेतली म्हणायचं.

मग हे थिएटर वाचलं की गेलं? भिंती आहेत, छत आहे, दर्शनी भाग आहे. अनेक शहरांतल्या वारसाप्रेमी मंडळींना एवढं मिळालं तर ते पेढे वाटतील. तरी ते गेलं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण हाच निकष आपण उलट बाजूने लावायला कचरतो. छत नव्याने सोनेरी केलं, झुंबर परत टांगलं, महापौरांनी फीत कापली, पहिल्या रात्री हाऊसफुल्लची पाटी लागली आणि पुढे महिन्यातल्या पंचवीस रात्री दार बंद, असं झालं की त्याला आपण बिनदिक्कत ‘पुनरुज्जीवन’ म्हणतो. मला हा शब्द तिथे खटकतो. शहराच्या मध्यवस्तीतलं जुनं थिएटर जगलं की नाही, हे त्याचे दिवे आठवड्यातून किती वेळा लागतात आणि ते कोणासाठी लागतात, यावरून ठरवावं. सार्वजनिक पैसा द्यायचा असेल तर तोही याच मापाने मोजून द्यावा. विटांसाठी पैसा सहज मिळतो. संध्याकाळचे खेळ भरतील याची तजवीज करायला कोणी पुढे येत नाही.

ही थिएटरं मुळात होती काय, हे आधी पाहायला हवं. विसाच्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या शहरांत जे चित्रपटमहाल उभे राहिले, ते खरं तर राजरोस लबाडीचे नमुने होते. जॉन एबरसन नावाच्या वास्तुविशारदाने तर प्रेक्षागृहाचं छतच नाहीसं करून टाकलं. वर गडद निळं आकाश, त्यात लुकलुकणारे छोटे दिवे, यंत्राने हलणारे ढग, आणि दोन्ही बाजूंना एखाद्या स्पॅनिश वाड्याच्या अंगणासारख्या भिंती. दगड वाटावा ते प्लास्टर, संगमरवर वाटावा तो रंग. या लबाडीबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर टंकलेखन करून थकलेली मुलगी काही सेंटांत दोन तास राणीसारखी बसत होती, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय याची तिला पर्वा नव्हती. 1925 साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात विलिस कॅरिअरची वातानुकूलन यंत्रणा बसली, तेव्हापासून तर उन्हाळ्यात चित्रपट कसाही असला तरी लोक गारव्यासाठी तिकीट काढू लागले. 1946 च्या सुमाराला अमेरिकेत दर आठवड्याला 8 ते 9 कोटी तिकिटं खपत होती. देशाची लोकसंख्या तेव्हा 14 कोटींच्या आसपास होती!

पण या महालांचं अर्थकारण एकट्या तिकीटबारीवर उभं नव्हतं, आणि पुनरुज्जीवनाच्या उत्साहात नेमकं हेच विसरलं जातं. चित्रपट काढणारे, वाटणारे आणि दाखवणारे हात एकच होते. लोज ही थिएटरांची साखळी एमजीएम स्टुडिओच्या मालक कंपनीची, फॉक्सचं नाव तर दारावरच कोरलेलं. थिएटर हे त्या कारखान्याचं शोभिवंत दुकान होतं. 3 मे 1948 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर स्टुडिओंविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना थिएटरं वेगळी करावी लागली. मक्तेदारी मोडली हे योग्यच झालं. मात्र त्या दिवसापासून चार हजार खुर्च्यांचा महाल स्वतःच्या कमाईवर जगायला रस्त्यावर आला. त्याच सुमाराला घरोघरी टीव्ही आला, माणसं उपनगरांत राहायला गेली, 1956 च्या कायद्याने महामार्ग झाले आणि गाडी लावायला जागा नसलेली मध्यवस्ती मागे पडली. 1963 साली कॅन्सस सिटीत स्टॅन्ले डरवूड यांनी खरेदी केंद्रात एकाच छताखाली दोन पडद्यांचं थिएटर सुरू केलं. एक प्रोजेक्टर खोली, एक तिकीटबारी, दोन चित्रपट. हिशेब इतका सोपा होता की महालांना उत्तरच उरलं नाही. क्लीव्हलँडमध्ये 1968-69 च्या वर्षभरात एकाच रस्त्यावरची चार थिएटरं बंद झाली.

सांगायचं ते इतकंच की ही थिएटरं लोक कृतघ्न झाले म्हणून पडली नाहीत. ज्या व्यवस्थेने ती उभारली ती व्यवस्थाच गेली. त्यामुळे ‘पूर्वीचं वैभव परत आणू’ ही घोषणा ऐकली की मला विचारावंसं वाटतं, त्या वैभवाचं बिल पूर्वी कोण भरत होतं हे ठाऊक आहे ना?

आज ते बिल बऱ्याच अंशी सरकार भरतं, आणि ते कशासाठी भरतं हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत संघीय पातळीवर ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर पात्र खर्चाच्या 20 टक्के करसवलत मिळते. 2017 च्या कायद्यापासून ती पाच वर्षांत विभागून मिळते. अट अशी की इमारत उत्पन्न देणारी असावी आणि दुरुस्ती वारशाच्या निकषांनुसार व्हावी. खिडकीची चौकट, कमानीचा उठाव, मूळ रंगाची छटा, सगळ्याची काटेकोर तपासणी होते. आत काय चालेल, याबद्दल मात्र हा कायदा जवळजवळ मौन पाळतो. थिएटरात कार्यालय थाटा, हॉटेल काढा, दुकान घाला. इमारतीचं वारसारूप टिकलं आणि उत्पन्न येत राहिलं की झालं. मालकाने पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर सवलतीचा काही भाग परत द्यावा लागतो. त्यानंतर तो मोकळा. भिंतीला पाच वर्षांचं संरक्षण मिळतं, प्रेक्षकाला एका दिवसाचंही नाही.

या सवलतीमुळे असंख्य इमारती बुलडोझरपासून वाचल्या, हे मला मान्य आहे. इमारतच नसेल तर खेळ कुठे करणार, हा प्रतिवादही बिनतोड वाटतो. तो बिनतोड का नाही, हे क्लीव्हलँडने दाखवलं.

1970 च्या सुमाराला रे शेपर्डसन हा तिथल्या शिक्षण मंडळातला एक कर्मचारी सभेसाठी जागा शोधत शोधत या बंद थिएटरांपाशी पोचला. पाणी गळत होतं, प्लास्टर पडलं होतं. 1972 मध्ये त्यातली दोन थिएटरं पाडून तिथे वाहनतळ करायचा बेत झाला. सर्वसाधारण माणसाने अशा वेळी आधी निधी जमवला असता, मग दुरुस्ती, मग उद्घाटन. शेपर्डसन आणि त्याच्या सोबत्यांनी आधी कळस, मग पाया असा प्रकार केला. 1973 साली स्टेट थिएटरच्या प्रवेशदालनात, म्हणजे मुख्य प्रेक्षागृह मोडकळीला आलेलं असताना बाहेरच्या लांबलचक दालनात, त्यांनी टेबलं-खुर्च्या मांडून एक छोटा सांगीतिक प्रयोग लावला. तीन आठवडे चालवायचा म्हणून लावलेला प्रयोग दोन वर्षांहून जास्त चालला. लोक अंधाऱ्या, ओसाड झालेल्या रस्त्यावर रात्री यायला लागले, आणि पाडण्याची भाषा करणाऱ्यांच्या तोंडातले शब्द बदलले. 1977 मध्ये जिल्हा प्रशासनाने ती इमारत विकत घेतली. दुरुस्ती त्यानंतर, तीही टप्प्याटप्प्याने: ओहायो थिएटर 1982, स्टेट 1984, पॅलेस 1988, ॲलन 1998. प्रेक्षक जमल्यानंतर चारही थिएटरांना सोनेरी रंग लागायला जवळजवळ पाव शतक गेलं.

हा क्रम मला कळीचा वाटतो. गळक्या छताखाली लोक येतात का, हे आधी पाहिलं गेलं. ते आले तेव्हा दुरुस्तीला कारण मिळालं. याउलट बहुतेक नव्या योजनांत कारण गृहीत धरलं जातं आणि ते सिद्ध करायला ‘प्रत्येक तिकिटामागे आसपासच्या धंद्यांना इतके डॉलर’ असा सल्लागाराचा तक्ता जोडला जातो. असे तक्ते मी बरेच वाचले आहेत. त्यांतला एकही ‘नका करू’ असं सांगणारा निघाला नाही, यावरून काय ते समजावं.

क्लीव्हलँडच्या गोष्टीत चित्रपटाचं नाव मी मुद्दाम बाजूला ठेवलं. क्लीव्हलँडच्या त्या रस्त्यावर आज प्रामुख्याने नाटकं, सांगीतिका आणि नृत्यं होतात. ब्रुकलिनचं किंग्ज थिएटर 1929 साली उघडलं, 1977 मध्ये बंद पडलं आणि सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्चून फेब्रुवारी 2015 मध्ये पुन्हा उघडलं. तेही मैफलींचं घर म्हणून. मग ‘चित्रपटगृह वाचवलं’ असं म्हणायचं कसं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो थिएटरवरून जो वाद झाला, तो वरवर पाहिला तर खुर्च्यांचा वाद होता. 1922 चं हे थिएटर 2022 मध्ये एका संगीत कार्यक्रम कंपनीच्या हाती गेलं. उताराच्या जमिनीवर पक्क्या बसवलेल्या खुर्च्या काढून तिथे हलवता येणारी व्यवस्था करायची, म्हणजे उभ्याने ऐकायच्या मैफली होतील, असा कंपनीचा प्रस्ताव होता. शहरात महिनोन् महिने सुनावण्या झाल्या. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. खुर्च्यांसाठी एवढा दंगा? पण उतार आणि पक्की खुर्ची या दोन गोष्टींतच चित्रपटगृह असतं. सगळ्यांची तोंडं एका दिशेला, कोणाचं डोकं कोणाला आडवं नाही, दोन तास हलायचं नाही. जमीन सपाट केली की छताखालची नक्षी तशीच राहून खालचा धर्म बदलतो. 2023 मध्ये कंपनीला बदलांची परवानगी मिळाली. विरोध करणाऱ्यांना ‘भूतकाळात अडकलेले’ म्हणून हिणवणं सोपं होतं. मला मात्र वाटतं, इमारत कशाने बनते हे त्या सगळ्या प्रकरणात त्यांनाच सर्वांत नीट कळलं होतं.

तरी त्यांच्याकडेही एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं: रोज चित्रपट दाखवून हे परवडणार कसं? कारण एकपडदा थिएटरची कोंडी वितरक करतात. मोठ्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यांत तिकिटाचा निम्म्याहून अधिक वाटा वितरकाकडे जातो. थिएटरवाला जगतो तो पॉपकॉर्नवर. 2017 साली डिस्नीने आपल्या एका बड्या चित्रपटासाठी 65 टक्के वाटा आणि सर्वांत मोठ्या पडद्यावर सलग चार आठवडे, अशा अटी घातल्याचं वृत्तपत्रांतून आलं होतं. बारा पडद्यांच्या मल्टिप्लेक्सला चार आठवडे एक पडदा देणं जड नाही. पण ज्याला पडदाच एक आहे आणि ज्याच्या गावातली इच्छुक माणसं पहिल्या आठवड्यातच चित्रपट पाहून मोकळी होतात, त्याने उरलेले तीन आठवडे रिकाम्या खुर्च्यांना चित्रपट दाखवायचा. त्याआधीच फिल्मची रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर आले होते, आणि त्यासाठी एकेका पडद्यामागे साठ-सत्तर हजार डॉलरचा खड्डा पडला होता. तोही अनेकांनी वर्गणी काढून भरला. घोषणा पुनरुज्जीवनाची आणि अटी गळफासाच्या, असा हा मामला. अशा स्थितीत ‘स्थानिकांनी साथ द्यावी’ हा उपदेश करण्यापेक्षा धोरण ठरवणाऱ्यांनी वितरणाच्या अटींकडे पाहिलेलं बरं. पॅरामाउंट निकालानंतरचे निर्बंध 2020 मध्ये न्यायालयाने रद्दही करून टाकले, म्हणजे वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच.

वाट काढणारी ठिकाणं आहेत. ॲन आर्बरचं मिशिगन थिएटर (डेट्रॉइटच्या त्या दुर्दैवी थिएटरशी नामसाधर्म्य एवढाच संबंध) 1928 चं. 1979 मध्ये ते बंद पडण्याच्या बेतात असताना नागरिकांनी उचलून धरलं आणि ते ना-नफा संस्थेकडे आलं. त्यांनी मोठ्या प्रेक्षागृहाला हात न लावता 1999 मध्ये शेजारी दोनशे खुर्च्यांचं छोटं दालन बांधलं. एखादा इराणी किंवा जपानी चित्रपट ऐंशी माणसं पाहायला आली तर सतराशे खुर्च्यांच्या महालात ती हरवतात, छोट्या दालनात मात्र तीच ऐंशी माणसं गर्दी वाटतात. मोठ्या पडद्याला मग मैफल, महोत्सव आणि मूकपटासोबत वाजणारा मूळ बार्टन बनावटीचा, नळ्यांचा भव्य ऑर्गन. शोभेच्या दृष्टीने हे छोटं दालन काहीच नाही. त्याचं छायाचित्र कोणी वारशाच्या दिनदर्शिकेत छापणार नाही. पण मंगळवारी रात्री दिवे लागतात ते त्याच्यामुळे.

कोलंबस शहराच्या ओहायो थिएटरने (क्लीव्हलँडचं ओहायो थिएटर ते वेगळं) वेगळा रस्ता धरला. टॉमस लॅम्बने आखलेलं हे थिएटर 1969 मध्ये पाडायला निघालं होतं. नागरिकांनी संस्था काढून ते विकत घेतलं. वर्षभर वाद्यवृंद आणि नृत्य, आणि उन्हाळ्यात मात्र जुन्या चित्रपटांची मालिका, सत्तरच्या दशकापासून. चित्रपट सुरू होण्याआधी ऑर्गनवादक वाजवतो. जो चित्रपट घरी केव्हाही पाहता येतो, तोच पाहायला हजारो माणसं येतात. ‘लोकांना आता थिएटर नकोय’ म्हणणाऱ्यांनी हे कसं समजावून घ्यायचं ते त्यांनीच पाहावं.

हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरबाबत माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. 1922 चं हे थिएटर शहराने 1996 मध्ये अमेरिकन सिनेमाथेक या संस्थेला एका डॉलरला दिलं, अट दुरुस्तीची. 2020 मध्ये ते नेटफ्लिक्सने विकत घेतलं. थिएटरांचा प्रेक्षक घरी बसवण्यात जिचा हात मोठा, तीच कंपनी थिएटरची मालकीण. 2023 च्या नोव्हेंबरात ते उत्तम दुरुस्त होऊन उघडलं. शुक्रवार ते रविवार सिनेमाथेकचे खेळ, इतर दिवस कंपनीचे. उपरोध बाजूला ठेवला तर माझ्या मापाने हे थिएटर जिवंत आहे, आठवड्यातले तीन दिवस लोकांसाठी नक्की आहेत. पण हे तीन दिवस एका कंपनीच्या मर्जीवर टांगलेले आहेत, आणि कंपन्यांची मर्जी ताळेबंदाबरोबर बदलते.

म्हणून पैशाला अट जोडावी. हे अशक्य नाही, कारण एकदा केलेलं आहे. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकी काँग्रेसने करोनाच्या साथीत बंद पडलेल्या नाट्यगृहांना, मैफलींच्या ठिकाणांना आणि चित्रपटगृहांना जी मदत मंजूर केली, तिची मोजदाद इमारतीच्या वयावर नव्हती. 2019 च्या उत्पन्नाच्या 45 टक्के, कमाल 1 कोटी डॉलर असा ढोबळ नियम होता. म्हणजे ज्याने जितके खेळ केले, त्याला तितकं. आणीबाणीत सुचलेलं हे शहाणपण शांततेच्या काळातही वापरता येईल. दुरुस्तीला अनुदान द्या, पण त्यातला मोठा हिस्सा उद्घाटनानंतर दहा वर्षांत, दरवर्षी किती रात्री दार उघडं राहिलं आणि किती तिकिटं शहरातल्या सर्वसाधारण माणसाला परवडतील अशा दरात होती, हे तपासून द्या. हिशेब मागितला की उत्साह किती उरतो ते लगेच कळेल. आणि जिथे तो उरणार नाही, तिथे थिएटर जाऊ द्यावं. हे लिहायला जड जातं, पण प्रत्येक गावाचा प्रत्येक महाल वाचवायचा हट्ट धरला तर सगळेच अर्धमेले राहतील.

‘कोणासाठी’ हा प्रश्न मी सुरुवातीला विचारला होता, तो फक्त तिकिटाच्या दराचा नाही. अटलांटाचं फॉक्स थिएटर 1929 च्या नाताळला उघडलं. सत्तरच्या दशकात टेलिफोन कंपनीला ती जागा मुख्यालयासाठी हवी होती. अटलांटाकरांनी मोहीम काढली, 1975 मध्ये ना-नफा संस्था उभी राहिली, थिएटर वाचलं आणि कंपनीचा मनोरा शेजारच्या जागेवर गेला. वारसा चळवळीतली ही सर्वांत लाडकी गोष्ट, आणि ती लाडकी असायला हरकत नाही. छताला आकाश आहे, त्यात तारे लुकलुकतात, ‘मायटी मो’ नावाच्या ऑर्गनला 3,622 नळ्या आहेत. आणि इमारतीच्या बाहेरच्या अंगाने वर जाणारा एक जिना आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी वेगळ्या खिडकीवर तिकीट घेऊन त्या जिन्याने थेट सर्वांत वरच्या सज्जात जायचं, दर्शनी दारातून नाही. माझी ती टंकलेखिका, शेजारी कोण बसलंय याची पर्वा नसलेली, अटलांटात असती तर तिच्या शेजारी कोण बसू शकत नव्हतं हे आधीच ठरलेलं होतं. दुरुस्तीचा आराखडा करणाऱ्याने तो जिना रंगवायचा की बुजवायचा की त्याच्या पायथ्याशी दिवा लावायचा, हा प्रश्न झुंबराच्या आधी घ्यायला हवा.